ट्रिलियमचं बी दोन हिवाळे का मागतं?

उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडच्या पानझडी जंगलांत एप्रिल-मेमध्ये पांढरं ट्रिलियम फुलतं. तीन पानं, तीन निदलं, तीन पाकळ्या. १९३७ पासून ते कॅनडातल्या ऑन्टारियोचं प्रांतीय फूल आहे. कौतुक एवढं, तरी बाजारातली रोपं कितीतरी वर्षं जंगलातले कंद उपटूनच येत होती, कारण बी पेरून पुढच्या वसंतात पाहावं तर वाफा रिकामाच. बी मेलं, असं समजून तो मोडून टाकणं साहजिक होतं.

बी मेलेलं नसतं. न्यूयॉर्कजवळच्या यॉंकर्स इथल्या बॉइस थॉम्पसन इन्स्टिट्यूटमध्ये लेला बार्टन यांनी १९४४ साली अशा हट्टी बियांवरचं काम प्रसिद्ध केलं. पहिल्या थंडीनंतर ट्रिलियमचं फक्त मूळ बाहेर पडतं, तेही मातीआड. पालवी फुटायला दुसरी थंडी लागते. म्हणजे ज्या वाफ्यावर पाणी सोडलं, त्याच्या पोटात मुळं धरलेली असायची! बियांना थंडी दाखवणं काही नवं नव्हतं. वाळूच्या थरात बिया ठेवून हिवाळा काढण्याची रीत माळ्यांना पूर्वीपासून ठाऊक होती. पण एक हिवाळा पुरत नाही, हे कोणाच्या मनात यावं?

दुसरी अडचण वेचणीची. प्रत्येक बीला तेलकट गराचा लहानसा तुकडा चिकटलेला असतो, इलायोसोम. स्वीडनच्या रुटगर सर्नांडर यांनी १९०६ साली मुंग्यांकरवी होणाऱ्या बीजप्रसारावर मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हा या गराचं प्रयोजन नीट मांडलं गेलं. मुंग्या बी वारुळात नेतात, गर खातात आणि उरलेलं बी टाकून देतात. त्यामुळे फळ उकललं की बी वेचणाऱ्याची शर्यत थेट मुंग्यांशी. शिवाय बी वाळू द्यायचं नाही. ओलसर असतानाच पेरायचं किंवा ओल्या शेवाळात ठेवायचं.

घरच्या बागेत हे ज्ञान आणलं ते नॉर्मन डेनो यांनी, असं मला वाटतं. पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीत रसायनशास्त्र शिकवणारा हा माणूस ओल्या पेपर टॉवेलमध्ये बिया गुंडाळायचा, प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा आणि काही महिने फ्रिजमध्ये, काही महिने खोलीच्या तापमानात ठेवायचा. हजारो जातींच्या अशा नोंदी त्यांनी १९९० च्या दशकात स्वखर्चाने छापल्या. मातीआड दडणारं ते पहिलं मूळ टॉवेल उलगडला की दिसतं. मग रोप कुंडीत जातं, आणि फुलायला आणखी सात-आठ वर्षं घेतं.