बोट लागू नये म्हणून

अमेरिकेच्या हवाई बेटांपैकी ओआहूपासून उत्तरेला साधारण १०० किलोमीटरवर, उघड्या प्रशांत महासागरात 'स्टेशन अलोहा' नावाची एक जागा आहे. तिथे ना बेट, ना खडक. नकाशावर आखलेलं नुसतं एक वर्तुळ आणि खाली जवळपास पावणेपाच किलोमीटर पाणी. ऑक्टोबर १९८८ पासून हवाई विद्यापीठाचे शास्त्रज्ञ साधारण दर महिन्याला तिथे जातात आणि त्याच पाण्याची पुन्हा पुन्हा तपासणी करतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड समुद्रात मुरतो आणि पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा, वर्षाला जेमतेम ०.००२ ने उतरतो (तो उतरला की आम्लता वाढते), हे कळलं ते अशाच चिकाटीच्या मोजण्यांतून. एवढा बारीक फरक टिपायचा, आणि तोही व्यापारी वाऱ्यांनी बारा महिने खवळत ठेवलेल्या पाण्यावर!

म्हणून तिथे जाणारी बोट कशी आहे, हे पाहण्यासारखं आहे. तिचं नाव 'किलो मोआना'. हवाईयन भाषेत 'किलो' म्हणजे निरखून पाहणारा आणि 'मोआना' म्हणजे खोल समुद्र. मालकी अमेरिकी नौदलाची, चालवतं हवाई विद्यापीठ. २००२ पासून ती या कामात आहे. लांबी सुमारे ५७ मीटर आणि रुंदी तब्बल २७ मीटर. एवढ्या लांबीच्या साध्या बोटीची रुंदी सहसा याच्या निम्मीच असते.

गेटवेहून मांडव्याला कॅटमरानने गेलेल्यांना दोन सांगाड्यांची बोट नवी नाही. पण कॅटमरानचे दोन्ही सांगाडे पाण्यावर तरंगतात. किलो मोआनाचे दोन सांगाडे पाणबुडीसारखे पाण्याखाली बुडालेले असतात. त्यांच्यातून भिंतींसारखे अरुंद खांब वर येतात आणि त्या खांबांवर, लाटांच्या बऱ्याच वर, सगळी बोट उभी असते.

याचं गमक घरीच तपासता येतं. रिकामी बादली पाण्यात चार बोटं दाबून पाहा, हाताला जोराचा उलटा रेटा लागतो. आता खाली वजन बांधून उभा तरंगत ठेवलेला बांबू तेवढाच दाबा, रेटा जाणवेल न जाणवेल एवढाच. पाण्याच्या पातळीवर वस्तू जितकी रुंद, तितकं चढणारं पाणी तिला जोरात वर उचलतं. साधी बोट ही बादली आहे. लाट आली की ती वर, लाट गेली की खाली. किलो मोआनाच्या खांबांवर मीटरभर पाणी चढलं तरी जास्तीची उचल फार थोडी, त्यामुळे बोट हलायच्या आत लाट पुढे गेलेली असते. शिवाय लाटेची घुसळण खाली झपाट्याने कमी होते. लाटेच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर ती पृष्ठभागाच्या चार-पाच टक्के उरते. सांगाडे खाली असल्याने वाऱ्याने उठलेल्या आखूड लाटा त्यांच्या डोक्यावरून जातात. दूरच्या वादळातून आलेल्या लांबलचक लाटांबरोबर मात्र ही बोटसुद्धा वरखाली होते; त्यातून सुटका नाही.

बोट स्थिर हवी ती केवळ कुणाला बोट लागू नये म्हणून नव्हे, जरी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेल्या विद्यार्थ्यासाठी तेही मोलाचं आहे. मुख्य कारण तारेच्या टोकाला असतं. क्षारता, तापमान आणि खोली मोजणारं यंत्र, भोवती पाण्याचे नमुने भरून आणणाऱ्या बाटल्यांचं कडं, असं ते धूड विंचवरून, म्हणजे तार गुंडाळणाऱ्या रहाटावरून, मिनिटाला साधारण ६० मीटर वेगाने खाली सोडतात. तळापर्यंत पोचायला सुमारे सव्वा तास. वर बोट उसळली की तार क्षणभर सैल पडते आणि पुढच्या क्षणी हिसका बसतो. अशाच हिसक्यांनी तार पिळते, कधी तुटतेही. आणि यंत्र वरखाली झालं तर ते स्वतःच ढवळलेलं पाणी पुन्हा मोजू लागतं. मग आकडा समुद्राचा राहत नाही.

आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून समुद्रतळाचा नकाशा काढणाऱ्या 'सोनार' यंत्राचंही तसंच. ध्वनी पाण्यात सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जातो, म्हणजे इथे प्रतिध्वनी परतायला सहा सेकंदांहून जास्त लागतात. तेवढ्यात बोट एक अंश कलली आणि ते ध्यानात घेतलं नाही, तर तळावरचा बिंदू ८० मीटर बाजूला दिसेल. झुकाव मोजणारी उपकरणं ही चूक दुरुस्त करतात. पण लाटा फोडणाऱ्या बोटीखाली हवेचे बुडबुडे शिरले की सोनार बहिरा होतो, त्यावर गणिताचा इलाज नाही. सोनार खोल ठेवणं हाच इलाज.

या सुखाची किंमतही आहे. पाण्याला घासणारा पृष्ठभाग जास्त, म्हणून इंधन जास्त. बोटीचा तळ पाण्यात साडेसात मीटर खोल, म्हणून उथळ बंदर वर्ज्य. आणि जो खांब लाटेला दाद देत नाही तो वजनालाही सावरून धरत नाही. जड यंत्र एका बाजूला सरकलं की टाक्यांतलं पाणी इकडचं तिकडे करून तोल साधावा लागतो. तरीही मला हा सौदा पटतो. मोजायला आलेल्या बोटीने आधी मोजण्याची सोय पाहावी.

बाटल्यांचं कडं डेकवर आलं की तोट्यांपाशी रांग लागते, आणि रांगेचा क्रम ठरलेला असतो. पहिला मान प्राणवायूच्या नमुन्याचा, कारण बाटलीत हवा शिरली की तो बदलायला लागतो. मग कार्बन आणि पीएच, मग पोषक द्रव्यं. मिठाचा नमुना शेवटी. मीठ थांबू शकतं.