सीडर फीव्हर

अमेरिकेतील टेक्सस राज्याच्या मध्यभागात डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात अ‍ॅश जूनिपर (शास्त्रीय नाव : जूनिपेरस अ‍ॅशेई) या झाडाच्या परागकणांमुळे होणारी अ‍ॅलर्जी. डोळ्यांना व नाकाला खाज, एकामागून एक शिंका, नाकातून पाण्याची धार, घशात खवखव, जड डोके आणि अंगातले त्राण गेल्यासारखा थकवा ही तिची लक्षणे. झाडांच्या परागकणांचा त्रास बहुतेक ठिकाणी वसंताच्या चाहुलीबरोबर सुरू होतो. टेक्ससच्या या डोंगराळ पट्ट्यात तो ऐन थंडीत येतो, आणि कोणत्या दिवशी किती छळणार हे त्या दिवसाची हवा ठरवते.

नावातले दोन्ही शब्द फसवे आहेत. खरा सीडर म्हणजे आपल्या हिमालयातला देवदार आणि त्याचे भाऊबंद. टेक्ससवासी ज्याला ‘माउंटन सीडर’ म्हणतात ते झाड सायप्रेसच्या कुळातले जूनिपर आहे. आयुर्वेदातली हपुषा ज्या प्रजातीत (जीनसमध्ये) मोडते, तीच ही प्रजाती; जाती मात्र वेगळी. ‘फीव्हर’ म्हणावे तर अंगात ताप सहसा नसतो. थर्मामीटरवर पारा १०१ अंश फॅरेनहाइटच्या वर गेला, तर ते दुखणे परागांचे नसून फ्लूसारख्या संसर्गाचे असण्याची शक्यता अधिक, आणि हा फरक रुग्णाने लक्षात ठेवणे फार महत्त्वाचे आहे.

झाड आणि पराग. अ‍ॅश जूनिपर हे चुनखडीच्या पातळ मातीत, खडकाच्या भेगांतही तगून राहणारे सदाहरित झाड आहे. एडवर्ड्स पठारावर, म्हणजे ऑस्टिन व सॅन अँटोनिओच्या पश्चिमेला पसरलेल्या ‘हिल कंट्री’त, त्याची दाट राने आहेत. ओक्लाहोमातील अरबकल डोंगर, आर्कान्सॉ-मिझुरीतील ओझार्क टेकड्या आणि उत्तर मेक्सिकोतही ते आढळते. पूर्वी गवताळ रानात अधूनमधून लागणारे वणवे कोवळी रोपे जाळून टाकत. वसाहतीनंतर वणवे विझवले जाऊ लागले, गुरांनी गवत खाऊन संपवले आणि मोकळ्या कुरणांत जूनिपर घुसले.

नर व मादी झाडे वेगवेगळी असतात. मादी झाडाला निळसर, फळासारखे दिसणारे शंकू लागतात आणि पराग सगळे नर झाडावर असतात. डिसेंबरात नर झाड दुरूनही ओळखू येते. फांद्यांच्या शेंड्यांवर तांदळाच्या दाण्याएवढे हजारो शंकू पिकतात आणि हिरवे झाड तांबूस-पिवळे, जणू करपल्यासारखे दिसू लागते. अशा फांदीला नुसती टिचकी मारली तरी पिवळसर धुराचा लोट उठतो आणि क्षणभर हवेत तरंगून वाऱ्याबरोबर निघून जातो. वाऱ्याच्या झोताने असे लोट रानभर उठतात, तेव्हा आग लागली असे समजून लोक अग्निशमन दलाला फोन करतात. दरवर्षी असे फोन येतात, आणि फोन करणाऱ्यांचे चुकते असेही म्हणता येत नाही, इतके ते दृश्य हुबेहूब धुरासारखे असते.

हवामानाचा हात. या अ‍ॅलर्जीत हवामान दोनदा हस्तक्षेप करते. पहिल्यांदा थंडीच्या कितीतरी आधी : उन्हाळ्याच्या अखेरीस व शरदात चांगला पाऊस झाला की नर झाडे शंकूंनी लगडतात. कोरड्या दुष्काळी वर्षी शंकूंचे पीक तुलनेने हलके येते. म्हणजे हिवाळ्यात हवेत किती माल येऊ शकतो, याचा हिशेब आधीच्या पावसातच झालेला असतो.

तो माल कधी सुटणार हे मात्र हिवाळा ठरवतो. टेक्ससच्या हिवाळ्यात उत्तरेकडून थंड, कोरड्या हवेच्या लाटा येतात. स्थानिक लोक त्यांना ‘नॉर्दर’ म्हणतात. दुपारी शर्टाच्या बाह्या दुमडून फिरावे आणि संध्याकाळी कपाटातला कोट शोधावा, इतक्या झपाट्याने पारा उतरतो. लाट येण्याआधी हवा दमट असते आणि शंकूंचे खवले मिटलेले असतात. लाट सरली की आभाळ निवळते, आर्द्रता एकदम घटते, ऊन पडते आणि वारा सुटतो. शंकू सुकून उघडतात व पराग बाहेर पडतात. म्हणून सर्वांत वाईट दिवस बहुधा लख्ख, निळ्या आभाळाचा असतो. फिरायला जावेसे वाटणाऱ्या नेमक्या त्याच दिवशी रुग्णाने घरात थांबायचे, हे या आजाराचे खरे दुःख आहे.

पाऊस, रिमझिम व धुके यांत पराग खाली बसतात आणि हवा निवते. गोठणबिंदूखालच्या थंडीतही पराग सुटणे मंदावते. पण हा दिलासा तात्पुरता असतो. शंकूंतला साठा तसाच असतो, त्यामुळे काही ओल्या दिवसांनंतर येणारा पहिला कोरडा, वाऱ्याचा दिवस जास्त जड जातो. हंगामाचा भर साधारणतः जानेवारीत असतो.

वाऱ्याची दिशाही महत्त्वाची असते. एक परागकण साधारण मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढा असतो आणि इतके हलके कण सहज लांबवर जातात. ओक्लाहोमातील टल्सा शहर याचे उत्तम उदाहरण आहे. तिथे जवळपास अ‍ॅश जूनिपर नाही आणि स्थानिक जूनिपर फेब्रुवारीआधी फुलत नाही, तरीही डिसेंबर-जानेवारीत तिथल्या हवेत जूनिपरचे पराग सापडतात. ते दक्षिण वाऱ्याबरोबर सुमारे २०० किलोमीटरवरच्या अरबकल डोंगरांतून आणि ६०० किलोमीटरवरच्या एडवर्ड्स पठारावरून येतात. टल्सा विद्यापीठात एस्टेल लेव्हेटिन यांच्या गटाने या प्रवासाचा मागोवा घेऊन त्याचे अंदाजही तयार केले.

मोजणी. ठरावीक वेगाने हवा ओढून घेणाऱ्या यंत्रातील चिकट पट्टीवर पराग अडकवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण मोजतात. आकडा दर घनमीटर हवेतील कणांत सांगतात. अमेरिकेतील प्रचलित श्रेणीनुसार झाडांचे पराग ९० च्या पुढे गेले की ‘जास्त’ आणि १,५०० च्या पुढे ‘अति जास्त’ मानतात. ऑस्टिनमध्ये जूनिपरचे आकडे भर हंगामात अनेक हजारांवर जातात, कधी १०,००० देखील ओलांडतात. छापून येणारा आकडा बहुधा सरलेल्या दिवसाचा असतो. त्यामुळे जुन्या रहिवाशांना आकड्याइतकाच नॉर्दरचा अंदाज उपयोगी पडतो.

कोणाला होतो. अ‍ॅलर्जी होण्यासाठी शरीराला परागांतल्या प्रथिनाची आधी ओळख व्हावी लागते. त्यामुळे नवा माणूस पहिल्या हिवाळ्यात बहुधा सुखरूप सुटतो, ‘मला काही होत नाही’ असे म्हणतो आणि दोन-तीन हिवाळ्यांनंतर गाठला जातो. नोकरीनिमित्त ऑस्टिन-सॅन अँटोनिओकडे गेलेल्या मराठी कुटुंबांतही हाच अनुभव येतो. ‘थंडी बाधली’ म्हणून आठवडेच्या आठवडे काढा आणि वाफारा चालू राहतो. साधी सर्दी आठ-दहा दिवसांत उतरते. डोळे चोळावेसे वाटणारी खाज, पातळ पाण्यासारखी सर्दी आणि वाऱ्याच्या दिवशी वाढणारा त्रास असेल, तर तपासणी करून घ्यावी. घरात कुणालाही अ‍ॅलर्जी नाही, स्वतःलाही कधी नव्हती, अशा माणसांनाही हे पराग बाधतात.

या परागांतील मुख्य प्रथिन जपानी सुगी वृक्षाच्या परागांतील प्रथिनाशी खूप जुळते. जपानमध्ये महायुद्धानंतर डोंगरउतारांवर सुगीची प्रचंड लागवड झाली. त्या परागांमुळे होणाऱ्या आजाराची पहिली नोंद १९६४ साली निक्को येथून झाली आणि २०१९ च्या पाहणीत सुमारे ३९ टक्के लोकांना तो असल्याचे आढळले. तिथेही आधीच्या उन्हाळ्याची हवा पुढच्या परागांचे प्रमाण ठरवते. महाराष्ट्राच्या रानांत जूनिपर नाही. पण वाऱ्यावर पराग सोडणारा वावळ जानेवारी-फेब्रुवारीत, पाने गळालेल्या फांद्यांवर फुलतो आणि त्याचे परागही अ‍ॅलर्जीकारक म्हणून ओळखले जातात.

काळजी व उपचार. नाकात मारायचे स्टेरॉइड फवारे लगेच गुण देत नाहीत, म्हणून डॉक्टर ते हंगामाच्या दोन-तीन आठवडे आधी सुरू करायला सांगतात. जोडीला अँटिहिस्टामिन गोळ्या असतात. जूनिपरच्या अर्काची इंजेक्शने काही वर्षे घेतल्यास प्रतिक्रियाच सौम्य होत जाते. वाऱ्याच्या दिवशी खिडक्या बंद ठेवणे, कपडे बाहेर न वाळवणे, बाहेरून आल्यावर केस धुणे यांनीही बराच फरक पडतो. दमा असणाऱ्यांनी श्वास लागल्यास वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. स्थानिक मध खाण्याचा घरगुती उपाय मात्र टिकत नाही. जूनिपरचे परागण वाऱ्याने होते, मधमाशीने नव्हे. मधात हे पराग जवळपास नसतातच.

‘झाडेच तोडा’ ही मागणी दर हिवाळ्यात होते. अंगणातले झाड काढले तरी पराग मैलोगणती दूरच्या रानांतून येतच राहतात. शिवाय गोल्डन-चीक्ड वॉर्बलर हा छोटा पक्षी फक्त मध्य टेक्ससमध्ये वीण करतो. जुन्या अ‍ॅश जूनिपरच्या सालीचे लांब तंतू कोळ्याच्या जाळ्याने गुंफून तो घरटे बांधतो. १९९० पासून तो संकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत आहे. मध्य अमेरिकेतून तो मार्चमध्ये परततो, तोवर जूनिपरचे नर शंकू रिकामे झालेले असतात आणि हवेत ओकचे पराग येऊ लागतात.