बीएसएल-३ ट्रेनिंगचा फॉर्म भरताय? आधी लसीचं बघा

टीबी कल्चर, व्हायरस वगैरेंवर काम करणाऱ्यांच्या बीएसएल-३ (धोकादायक जंतूंसाठीची कडक सुरक्षेची लॅब) ट्रेनिंगचे अर्ज दरवेळी त्याच दोन-तीन कागदांवर अडकतात, म्हणून एकदाचं लिहून टाकते. फोटो, आधार, डिग्री, ते सगळे नीट जोडतात, तो विषय सोडा.

घोडं अडतं हिपॅटायटीस बी वर. बहुतेक ठिकाणी तीन डोसचा पुरावा किंवा अँटीबॉडी टायटरचा, म्हणजे लसीने रक्तात किती संरक्षण तयार झालंय त्या तपासणीचा, रिपोर्ट मागतात, काही ठिकाणी दोन्ही, आणि टायटर निदान १० mIU/mL लागतं. "लहानपणी सगळ्या लसी झाल्यात मॅडम" असं सांगून भागत नाही, कारण ही लस सरकारी लसीकरणात देशभर पोचली ती २०११ च्या सुमारास, मग आज तिशीत असलेल्यांना मिळाली असेलच कशावरून? आता हिशोब करा, पहिला डोस आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात, त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी टायटर. सूचना निघाल्यावर पहिलं इंजेक्शन घेतलंत तर ती बॅच गेलीच समजा. डोस झालेत पण कार्ड हरवलंय, तर सरळ टायटर करा, कमी आलं तर डॉक्टर सहसा एक जादा डोस देऊन महिन्याभराने परत तपासतात. आणि हो, स्वतःचे पैसे घालायच्या आधी ऑफिसात विचारा, २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत तो कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटीस बी आणि धनुर्वाताची लस देणं हे संस्थेचंच काम आहे, फक्त आपणहून कोणी सांगत नाही.

दुसरं म्हणजे आयबीएससीचं पत्र. ही संस्थेची बायोसेफ्टी कमिटी, जंतूंवरचं काम सुरक्षितपणे होतंय ना ते बघणारी, एथिक्स कमिटी नव्हे! एथिक्सचं पत्र जोडलेले किती अर्ज परत जाताना पाहिलेत, मोजणं सोडून दिलं. आणि "आमच्याकडे जीएमओ (जनुकं बदललेले जीव) नाही, मग कमिटी कशाला" असं म्हणणाऱ्या साहेबांना १९८९ च्या नियमांचं नुसतं नाव वाचायला द्या, त्यात 'घातक सूक्ष्मजीव' आधी येतात, जीएमओ नंतर. कमिटीची मुदत तीन वर्षांची असते, ती संपलेली असली तर पत्राचा उपयोग शून्य, आणि हे अर्जदाराला कळतं सगळ्यात शेवटी.

मेडिकल फिटनेसमध्ये काही लपवू नका. दमा, स्टिरॉइड चालू असणं, गरोदरपण, हे सांगितलं म्हणून कोणी हिणवत नाही, उलट न सांगता आत गेलात तर जीव तुमचाच. ऑनलाइन कोर्सचं सर्टिफिकेट जोडा खुशाल, पण प्रत्यक्ष ट्रेनिंगच्या जागी ते धरत नाहीत.

शेवटची तारीख बहुधा अर्ज पोचायची असते, पोस्टात टाकायची नव्हे, आणि सही करणारे साहेब नेमके त्याच आठवड्यात रजेवर असतात.

राहिली दाढी. एन९५ ची फिट टेस्ट, म्हणजे मास्क चेहऱ्याला घट्ट बसतो का ती तपासणी, दाढीवर होत नाही, कडेने हवा आत येते. काढायची नसेल तर तिथे हूडवालं पीएपीआर (पंख्याने गाळलेली हवा देणारं, डोकं झाकणारं उपकरण) मिळतं का ते फॉर्म भरायच्या आधी फोन करून विचारा.