साचा, ठप्पा की सांडशी : काचमण्यांच्या प्रेसची पार्श्वभूमी

सांगली-मिरजेकडे ज्योतीवर काचमणी करणारे बोटांवर मोजता येतील एवढेच. पण प्रेस, म्हणजे मऊ मणी दोन कोरीव ताटांत दाबून आकार देणारे हत्यार, घ्यायची वेळ आली की जवळपास सगळ्यांची गाडी एकाच जागी अडते. पितळेचा घ्यावा की ग्रॅफाइटचा, परदेशातून मागवावा की कुपवाडच्या एमआयडीसीत करून घ्यावा, हे प्रश्न नंतरचे. आधी वर्कशॉपवाल्याला आपल्याला काय हवे आहे ते सांगायचे कोणत्या शब्दात? या एका शब्दापायी इकडच्या मंडळींचे जेवढे पैसे गेले, तेवढे बहुधा तडकलेल्या मण्यांपायीही गेले नसतील.

फार मागे जायचे कारण नाही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत, तेरला, नेवाशाला सातवाहन काळातले काचमणी सापडले आहेत; पण त्या काळचे बरेचसे मणी काचेची नळी ओढून आणि तिचे तुकडे पाडून केलेले असत. तिथे दाबायला काही नव्हतेच. व्हेनिसच्या भट्ट्या आगीच्या भीतीने १२९१ साली मुरानो बेटावर गेल्या आणि पुढच्या काळात तिकडे दिव्याच्या ज्योतीवर मणी गुंडाळण्याची कला वाढली. तिथेही आकार यायचा तो मुख्यतः लोळवून आणि चेपून.

दाबून मणी करण्याचा धंदा खरा फोफावला तो बोहेमियात, आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या याब्लोनेत्सच्या आसपास, अठराव्या शतकापासून. तिथला कारागीर काचेची जाड कांडी भट्टीत मऊ करी आणि तिचे टोक लांब दांड्यांच्या सांडशीत धरून दाबी. सांडशीच्या जबड्यांतच मण्याचा आकार कोरलेला, भोक पाडायची सुईही तिथेच. एका दाबात मणी तयार. कडेला निघालेला काचेचा पापुद्रा नंतर पिंपात घोळवून काढायचा. पहिल्या महायुद्धाआधी आपल्याकडे येणाऱ्या बांगड्या-मण्यांत ऑस्ट्रिया-हंगेरीच्या (बोहेमिया तेव्हा त्यांच्याच राज्यात) मालाचा वाटा मोठा होता, त्यातल्या मण्यांचा तो या असल्या सांडश्यांच्या जोरावर. म्हणजे आपल्या पणज्यांच्या गळ्यात दाबलेले मणी आलेले होते. त्या हत्याराचा शब्द मात्र त्यांच्यासोबत आला नाही, आणि घोळाची सुरुवात इथेच होते.

युद्धात तो माल थांबला. स्वदेशीची हवा आधीपासून होतीच. तळेगावला लोकांच्या पैशा-पैशातून काचकारखाना निघाला तो १९०८ साली, आणि कऱ्हाडजवळ ओगलेवाडीचा १९१६ साली. ओगलेवाडी म्हटले की सातारा-सांगलीच्या माणसाला प्रभाकर कंदील आठवतो. कारखाना पुढे बंद पडला, पण काचेविषयीची आपल्याकडची बोली त्याच काळातली आहे. कंदिलाची काच म्हणजे भट्टीतून उचललेला गोळा साच्यात धरून फुंकलेली काच. म्हणून आमच्याकडे काच म्हटली की पुढचा शब्द ‘साचा’. त्याच पट्ट्यात किर्लोस्करवाडीपासून कुपवाड, माधवनगरपर्यंत ओतशाळा उभ्या राहिल्या आणि ‘साचा’ला दुसरा अर्थ पक्का चिकटला : वाळूचा, ज्यात रस ओततात तो.

आता गंमत बघा. घरात हाच शब्द तिसऱ्या अर्थाने नांदतो. मोदकाचा साचा. दोन पाकळ्या, मध्ये बिजागरी, उकड भरायची, मिटायचे, बाहेर आलेली उकड बोटाने पुसायची. लॅम्पवर्कच्या, म्हणजे ज्योतीवरच्या कामाच्या, प्रेसला याहून जवळचे आपल्याकडे काही नाही. पण मणी करणाऱ्या बाईच्या मनात मोदकाचा साचा असतो, ऐकणाऱ्या फौंड्रीवाल्याच्या मनात ओतकामाचा. तो विचारतो, ‘रस कुठून सोडणार?’ इथून पुढे संवाद संपल्यात जमा.

मग कोणी सराफकट्ट्यावरचा शब्द काढतो : ठप्पा. हा वरवर बरा वाटतो. पण ठप्प्यात पत्रा ठेवून ठोकतात. धातू ताव देऊन मऊ केला तरी आकार येतो तो घावाने. काचेवर घाव चालत नाही. मणी अंगभर सारखा लालसर मऊ असताना एक-दोन सेकंदांचा शांत दाब द्यायचा आणि सोडायचे. शिवाय ठप्प्याला एकच कोरीव बाजू असली तरी भागते, प्रेसला दोन्ही लागतात आणि त्या केसभरही सरकून चालत नाहीत. ‘ठप्पा’ म्हणून सांगितलेल्या कामात दोन ताटांना जुळवून ठेवणाऱ्या खुंट्या हमखास विसरल्या जातात, कारण सोनाराच्या ठप्प्याला त्यांची गरजच नसते.

आणि शेवटचा शब्द, एमआयडीसीचा : डाय. सगळ्यात महागात पडणारा. डाय म्हटले की टूलरूमचा माणूस कडक पोलाद काढतो, त्याला हार्डनिंग करतो, जमले तर वर क्रोमचा मुलामा. त्याच्या हिशेबात डायने लाखभर नग काढले पाहिजेत. मण्याच्या हिशेबात हा खर्च निव्वळ वाया, कारण दाबायच्या क्षणी काच मधासारखी असते, तिच्यापुढे कडकपणाचे काय कौतुक? मीही असा एक डाय एका वर्कशॉपकडून करून घेतला होता. सुरेख काम, आरशासारखी चमक. खाचच नव्हती. मँड्रेल, म्हणजे मणी जिच्यावर गुंडाळतात ती सळई, कुठे ठेवायची, हे मी सांगितले नव्हते आणि त्याने विचारले नव्हते. दोघांनाही ‘डाय’ शब्द पुरेसा वाटला होता.

बोलीचा हा घोळ धातूच्या निवडीपर्यंत जातो, म्हणून त्यावर एवढे लिहिले. काचकारखान्यातला साचा बहुधा बिडाचा असतो आणि तो तापलेलाच राहतो, कारण एकामागून एक गोळा त्यात पडत असतो. ज्योतीवरचा माणूस दहा-पंधरा मिनिटांत एक मणी करतो. त्याचा प्रेस दर वेळी थंड. त्यामुळे कारखान्याचे शहाणपण इथे उलटे पडते. पितळ उष्णता झटकन आत ओढून घेते, पृष्ठभाग फार तापत नाही, म्हणून काच चिकटत नाही. पण पितळ अगदी गार असेल तर मण्याच्या कातडीवर सुरकुत्या येतात, कधी तडाही. उपाय सोपा : प्रेस भट्टीच्या झाकणावर ठेवून कोमट करायचा आणि दाबल्यावर मणी पुन्हा ज्योतीत फिरवून सुरकुत्या मोडायच्या. उलट प्रेस फार तापला तर काच धरून बसते. ग्रॅफाइटला काच सहसा चिकटत नाही, पण त्याच्या कडा टवके उडून जातात, तो ज्योतीत हळूहळू जळतो, आणि कोरलेली बारीक रेघ फार दिवस टिकत नाही. वजनाचाही मुद्दा आहे. त्याच मापाचे पितळ ग्रॅफाइटच्या चौपटीहून जड. वरचे ताट स्वतःच्या भाराने निम्मे काम करते. माझे मत विचाराल तर दाबायला पितळ, लोळवायला ग्रॅफाइट. याउलट मत असणारेही आहेत आणि त्यांचे मणी वाईट नसतात.

आज आपण ज्याला प्रेस म्हणतो तो तसा हल्लीचा. अमेरिकेत घरच्या घरी काचमणी करणाऱ्यांची संघटना १९९३ साली उभी राहिली. तोवर चपटा मणी म्हणजे दोन सपाट जबड्यांच्या चिमट्यात चेपलेला. २००० नंतर कोरीव पितळी प्रेस बाजारात आले : मसुरीसारखा, उशीसारखा, चपट्या वडीसारखा. बोहेमियन सांडशी आणि हे प्रेस यांत एक मूलभूत फरक आहे. तिथे भोक दाबतानाच पडे. इथे मणी आधीच मँड्रेलवर गुंडाळलेला असतो. म्हणून सगळा जीव त्या खाचेत. खाच दोन्ही ताटांत निम्मी-निम्मी हवी, नाहीतर भोक एका अंगाला जाते.

परदेशी प्रेसची खाच बहुतेक वेळा ३/३२ इंचाची, म्हणजे जवळपास २.४ मिमी. इकडे हे सोयीचे ठरले, कारण टिग वेल्डिंगची स्टेनलेस फिलर सळई वेल्डिंगच्या दुकानात २.४ आणि १.६ मिमीत मिळते. काहींनी पैसे वाचवायला सायकलचे आरे वापरले. आरा सहसा २ मिमीचा, खाचेत डुगडुगतो, मणी सुटावा म्हणून सळईला दिलेला मातीचा लेप तडकतो आणि मणी सळईवर गरगर फिरतो. साध्या आऱ्यावर जस्ताचा मुलामाही असतो. त्याचा धूर छातीत घेण्यात शहाणपण नाही.

एप्रिल २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत केंद्राने उद्योगांचा ऑक्सिजन रुग्णालयांकडे वळवला, आणि ते योग्यच होते. ऑक्सिजनच्या सिलिंडरवर चालणारे आमचे टॉर्च विझले. नंतर ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर वापरात आले. मिनिटाला पाच लिटरच्या यंत्रावर ज्योत लहान पडते, मोठा मणी अंगभर सारखा तापत नाही, आणि असा मणी दाबला की मधला भाग सरकतो, कडा जागच्या जागी. त्यामुळे याआधी मोठ्या वड्यांचे प्रेस घेणारे आता १५-२० मिमीच्या आत राहतात. प्रेसची निवड ज्योत ठरवते, आवड नव्हे.

काच किती घ्यायची, हा जुनाच प्रश्न. जास्त झाली तर कडेने बर, म्हणजे जादा काचेचा पापुद्रा, निघते, कमी पडली तर कोपरे भरत नाहीत. कोणी तराजू वापरतात. इकडच्या स्वयंपाकघरांतून आलेली युक्ती अशी : घट्ट कणीक प्रेसमध्ये दाबून बर कापून टाकायची, मग तीच कणीक सळईवर पिंपाच्या आकारात वळायची. लांबी खोबणीएवढी ठेवायची आणि जाडी डोळ्यात भरून घ्यायची. काच तेवढीच.

राहिला ‘हाताने घडवलेला’ या पाटीचा वाद. काही प्रदर्शनांत प्रेसचा मणी या पाटीखाली बसवायला नाक मुरडतात. त्यांचा आक्षेप अगदीच पोकळ नाही, ठरावीक आकार विकत घेतला हे खरेच. पण थर, रंग, ठिपके, तापमान सगळे हातातच असते आणि कानातल्यांची जोडी सारखी लागते. गणपतीत कळ्या पाडलेला मोदक आणि साच्यातला मोदक यांची प्रतिष्ठा वेगळी असते हे मान्य, पण साच्यातल्याला कोणी कारखान्याचा म्हणत नाही.

कुपवाडला आता दोन-तीन कारागीर हे काम समजून करतात. फ्री-कटिंग पितळेची दोन ताटे, दोन खुंट्या, निम्मी-निम्मी खाच, सोबत सळईचा नमुना नेऊन द्यायचा. आणि चित्र काढून दाखवायचे, शब्द वापरायचाच नाही. गेल्या खेपेला एवढे सगळे केल्यावर पावती आली, तिच्यावर लिहिले होते : ‘मोदक डाय, पितळी, १ नग’.