तोंडातले फोड आणि आवर घालणाऱ्या पेशी

कोल्हापुरात तोंड आलं की घरोघरी निदान ठरलेलं: तिखट जास्त झालं, उष्णता वाढली. मग सब्जा, गुलकंद, बी-कॉम्प्लेक्सची गोळी. बहुतेकांचं तेवढ्यानं भागतंही. पण महिना उलटूनही चट्टे भरत नसतील, तांबडा रस्सा सोडाच, साधं ताकही झोंबत असेल आणि छाती-पाठीवर पाणी भरलेले, पटकन फुटणारे मऊ फोड उठू लागले, तर पेम्फिगस या त्वचेच्या आजाराची शंका घ्यायला हवी. नागीण समजून लेप लावत बसलं, की मोलाचे आठवडे वाया जातात.

हा आजार जंतूंमुळे होत नाही आणि शिवल्यानं पसरतही नाही. त्वचेच्या पेशींना एकमेकींशी जखडून ठेवणारं डेस्मोग्लीन नावाचं प्रथिन असतं. आपल्याच प्रतिकारशक्तीतल्या बी पेशी त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) बनवतात. पकड सुटते, पेशी विलग होतात, मधल्या फटीत पाणी साचतं. तोंडाच्या अस्तराची भिस्त मुख्यतः त्याच्या डेस्मोग्लीन-३ या प्रकारावर असल्यानं सुरुवात बहुधा तिथूनच होते.

या बी पेशींना चेतवतात प्रतिकारशक्तीतल्याच टी पेशी. मला इथली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. डेस्मोग्लीनला ओळखणाऱ्या टी पेशी निरोगी माणसांतही सापडतात! मग त्यांना फोड का येत नाहीत? २००४ साली जर्मन संशोधकांनी या आजाराशी निगडित जनुकं असलेली निरोगी माणसं तपासली. त्यांच्यातल्या बहुतेकांत डेस्मोग्लीन-३ ओळखणाऱ्या, पण इंटरल्यूकिन-१० नावाचं संदेशवाहक प्रथिन बाहेर सोडून इतर पेशींना शांत करणाऱ्या टी पेशी होत्या. रुग्णांत त्या क्वचितच आढळल्या. म्हणजे नुसता हल्लेखोर असून भागत नाही, त्याला आवरणारं कुणी नसावं लागतं. आवर घालणाऱ्या टी पेशींचा दुसरा एक प्रकार शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवून दिला होता. २०२५ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा त्यासाठीच आहे.

स्टेरॉइडनं आजार आटोक्यात येतो आणि जीवही वाचतो, पण सगळीच प्रतिकारशक्ती दबते. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. तरीही गोळ्या मनानं बंद करू नयेत, ते जिवावर बेतू शकतं. रिटुक्सिमॅब हे औषध थेट बी पेशी हटवतं. अमेरिकेत २०१८ मध्ये त्याला पेम्फिगससाठी मान्यता मिळाली. त्याहून नेमका उपाय म्हणजे रुग्णाच्याच टी पेशींवर डेस्मोग्लीनचा तुकडा बसवायचा. दोषी बी पेशी त्याला चिकटायला येतात आणि मारल्या जातात, बाकीच्या तशाच राहतात. याच्या माणसांवरच्या चाचण्या सुरू झाल्या आहेत.

निदानासाठी मात्र त्वचेचा छोटा तुकडा आणि रक्ताची तपासणी लागते. त्यासाठी आधी कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयातल्या किंवा जवळच्या कुठल्याही त्वचारोगतज्ज्ञांना गाठावं.