कासवाचे पोट आणि आपले बूट

मॉरिशस बेटावरून नामशेष झालेल्या डोडो पक्ष्याला पुन्हा जन्माला घालण्याचा प्रकल्प एका अमेरिकी कंपनीने २०२३ च्या जानेवारीत जाहीर केला. त्यानंतर मॉरिशसला जाऊन आलेले किंवा जाण्याच्या तयारीत असलेले पुण्यातले स्नेही मला आवर्जून विचारतात की, आता तिथे खराखुरा डोडो पाहायला मिळणार का. कबुतराच्या जनुकांत फेरफार करून डोडोसारखा दिसणारा पक्षी उद्या तयार झाला, तरी ज्या जंगलात तो राहत होता ते जंगल कुठून आणणार, हा प्रश्न या बातम्यांमध्ये क्वचितच विचारला जातो. सहल कंपन्यांच्या जाहिरातींतले बेट हिरवेगार दिसते हे खरे, पण त्या हिरवाईचा मोठा भाग उसाचा आहे. मूळ स्वरूपातले, चांगल्या स्थितीतले जंगल मॉरिशसवर दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे. आपल्या टेकड्यांवर पावसाळ्यात गिरिपुष्प आणि घाणेरी ही बाहेरून आलेली झाडे माजलेली पाहून ‘निसर्ग किती छान राखला आहे’ असे म्हणण्यासारखीच ही चूक आहे.

हे बेट सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी ज्वालामुखीतून वर आले आणि कोणत्याही खंडाला ते कधीच जोडलेले नव्हते. त्यामुळे वटवाघळे सोडली तर तिथे मूळचा एकही भूचर सस्तन प्राणी नव्हता. १५९८ मध्ये डच खलाशी उतरले आणि जहाजांबरोबर उंदीर, डुकरे, माकडे, हरणे बेटावर आली. डोडो पाहिल्याची शेवटची सर्वमान्य नोंद १६६२ ची आहे. डोडोइतकीच महत्त्वाची असलेली महाकाय कासवेही नंतर नामशेष झाली. बेटावर त्यांच्या दोन जाती होत्या, मात्र त्यांच्यासाठी कोणी हळहळत नाही.

मला या सगळ्या कथेत सर्वांत आकर्षक वाटते ते याच कासवांचे काम. मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यासमोर इल ओ एग्रेत नावाचे अवघे २६ हेक्टरचे प्रवाळी चुनखडीचे बेट आहे. तिथे एबनीची, म्हणजे आबनुसाची, फक्त मॉरिशसमध्येच आढळणारी एक जात वाढते. ज्याच्या पानांच्या विड्या वळतात तो आपला टेंभुर्णी हा तिचा जवळचा नातलग. सरपणासाठी या झाडांची बेसुमार तोड झाली. पुढे तोड थांबली, तरी उजाड झालेल्या जागी नवी रोपे येईनात. झाडे फळत होती, फळे पिकत होती आणि आईच्या पायाशीच पडून राहत होती.

आईच्या पायाशी पडणे हेच बीजाचे दुर्दैव असते. मोठ्या झाडाखालच्या मातीत त्याच जातीवर पोसणाऱ्या बुरशी आणि किडी दाटलेल्या असतात, शिवाय एका ठिकाणी शेकडो रोपे उगवली की एकाला झालेला रोग सर्वांना होतो. म्हणून आईपासून जितके दूर, तितकी जगण्याची शक्यता जास्त. दुसरी अडचण गराची असते. अनेक फळांच्या गरात अंकुरण रोखून धरणारी द्रव्ये असतात, कारण फळाच्या आतच बी रुजून उपयोग नसतो. टोमॅटोच्या बिया ओल्या गरात असूनही रुजत नाहीत, पण धुऊन पेरल्या की आठवड्याभरात उगवतात, हे घरच्या घरी पाहता येते. म्हणजे बीजाला दोन सेवा हव्या असतात: कोणीतरी गर काढून टाकावा आणि कोणीतरी दूर नेऊन सोडावे. फळ गिळणारा मोठा प्राणी ही दोन्ही कामे एकाच पोटात करतो. कासवाला चावायला दात नसतात, त्यामुळे बी सहसा अख्खीच आत जाते. त्याचे पचन इतके संथ असते की गर पूर्ण निघून जातो आणि बी कित्येक दिवसांनी, दूर कुठेतरी, शेणाच्या ढिगात बाहेर पडते.

इल ओ एग्रेतवर हे काम करणारे कोणी उरले नव्हते. म्हणून २००० मध्ये सेशेल्समधल्या अल्डाब्रा बेटाच्या जातीची महाकाय कासवे तिथे सोडण्यात आली. ती नामशेष कासवांच्या जागी बदली कामगार म्हणून आली, असे म्हणता येईल. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की, त्यांनी एबनीची फळे खाऊन बिया उजाड भागांत नेल्या, रोपे उगवली आणि पोटातून गेलेल्या बियांची उगवण अधिक चांगली होती. मेलेल्या जातीला परत आणण्याच्या गाजावाजापेक्षा तुटलेले नाते असे जोडणे मला कितीतरी मोलाचे वाटते.

इथे एका लोकप्रिय गोष्टीबद्दल सावध केले पाहिजे. मॉरिशसवर तांबालाकॉक नावाचा, आपल्या मोह आणि चिकूच्या कुळातला वृक्ष आहे. डोडोच्या पोटातून गेल्याशिवाय त्याची बी रुजत नाही, म्हणून तीनशे वर्षांत एकही नवे झाड आले नाही आणि जेमतेम तेरा झाडे उरली आहेत, असे अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ स्टॅनली टेम्पल यांनी १९७७ मध्ये मांडले. त्यांनी टर्की पक्ष्यांना १७ बिया भरवल्या, त्यांतल्या ७ पोटात चिरडल्या गेल्या आणि उरलेल्या १० पैकी ३ रुजल्या. न भरवलेल्या बियांशी तुलनाच केली नव्हती. पुढे या वृक्षाची अनेक, त्यांतही तीनशे वर्षांहून तरुण झाडे सापडली आणि बिया डोडोविना रुजतात हेही कळले. तरीही ही गोष्ट अजून भाषणांत आणि समाजमाध्यमांवर फिरते. निसर्गप्रेमापोटी सांगितलेली असली, तरी चुकीची गोष्ट चुकीचीच.

आता प्रवाशांकडे वळू, कारण बीजप्रसार आपणही करतो. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस वेताळ टेकडीवरून आल्यावर मी बुटांच्या तळव्यांच्या खाचांतला चिखल चमच्याने खरवडून कुंडीतल्या भाजलेल्या मातीवर पसरला आणि पायमोज्यांना चिकटलेला आघाडा व कुसळे वेगळी काढून ठेवली. तीन आठवड्यांत कुंडीत अकरा रोपे उगवली. डार्विनने तितराच्या पायाला चिकटलेला, तीन वर्षे कोरडा पडून राहिलेला सुमारे १८५ ग्रॅमचा मातीचा गोळा भिजवला, तेव्हा त्यातून ८२ रोपे आली होती. पक्ष्याचा पाय आणि आपला बूट यांत फरक इतकाच की बूट मुंबईहून विमानात बसून सहा तासांत ४,७०० किलोमीटरवर जातो. ब्राझीलकडच्या, लाल फळांच्या छोट्या पेरूने मॉरिशसचे उरलेसुरले जंगल कसे गिळले, हे ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात दिसते. तो माणसानेच आणला आणि डुकरांनी व माकडांनी त्याच्या बिया पसरवल्या.

विमानाच्या एक किलो इंधनातून सव्वातीन किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणून ‘पर्यावरणस्नेही’ पाटी लावलेल्या हॉटेलात उतरून त्या प्रवासाची भरपाई होते, असे समजू नये. त्यापेक्षा एकदाच जावे आणि दहा-बारा दिवस राहावे. जंगलात वाटाड्या घेऊन पायवाटेवरून चालावे आणि इल ओ एग्रेतसारख्या ठिकाणी शुल्क भरून जावे, कारण ते पैसे संवर्धनाच्या कामाला लागतात.

आपल्यापैकी बरेच जण गणेशोत्सवाच्या सुमारास तिकडे जातात. कोकणातून एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून गेलेल्या कुटुंबांचे वंशज तिथे आहेत आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. त्यांच्याकडे जाताना आपुलकीने दूर्वांची जुडी, पत्री, हळदीचे ओले कंद किंवा घरच्या झाडाची फळे पिशवीत घालण्याचा मोह होतो. रोपे, बिया आणि ताजी फळे पूर्वपरवानगीशिवाय नेता येत नाहीत, आणि तो नियम योग्यच आहे. पत्रीतल्या आघाड्याच्या तुऱ्यावर काट्यासारखी टोके असलेल्या बिया असतात आणि त्या जनावराच्या अंगाला, माणसाच्या धोतराला चिकटून पसरण्यासाठीच घडलेल्या आहेत. गाणी, पाककृती, आरत्यांची पुस्तके न्यावीत. बूट मात्र निघण्याच्या आदल्या दिवशी ब्रशने घासून, खाचा टाचणीने मोकळ्या करून, उन्हात वाळवून मगच पिशवीत ठेवावेत, आणि परतताना तेच पुन्हा करावे.