शिळे अन्न ऊन करणे

शिळे अन्न ऊन करणे : आदल्या वेळचे किंवा आदल्या दिवशीचे शिजवलेले अन्न त्यातला ओलावा आणि चव राखून पुन्हा ताटात घेण्याजोगे करण्याची घरगुती रीत. मराठवाड्यात ‘गरम करणे’पेक्षा ‘ऊन करणे’ हेच तोंडी जास्त. ‘भाकर दुरडीत हाय, कोरड्यास (भाकरीबरोबरचे कालवण) ऊन करून घे,’ एवढ्या वाक्यात रानातून उशिरा आलेल्या माणसाच्या जेवणाची सोय सांगून होते. पाहुण्यापुढे शिळे ठेवायचे नाही हा संकेत अजून पाळला जातो. घरचे लोक मात्र तेच आवडीने खातात.

अन्न निवल्याने जेवढे बिघडत नाही तेवढे ते कोरडे पडल्याने बिघडते. म्हणून जाणत्या हाताला आधी पाणी सुचते, मग विस्तव. शिजताना पिठातले किंवा तांदळातले स्टार्च पाणी पिऊन फुगते. निवल्यावर त्याचे रेणू हळूहळू पुन्हा रांगेत बसतात, धरलेले पाणी सोडतात आणि घास ताठरतो. फडक्यात घट्ट गुंडाळलेली भाकरीसुद्धा सकाळी कडक लागते ती यामुळे. सुमारे 60 अंश सेल्सियसच्या पुढे, जवळ पाणी असेल तर, ही रांग मोडते आणि मऊपणा परततो. पण तो तात्पुरता असतो. ऊन केलेली भाकरी पुन्हा निवली की लवकर कडक होते, म्हणून ती तव्यावरून थेट ताटात यावी. फ्रिजमधल्या थंडाव्यात स्टार्चचे हे ताठरणे उलट वेगाने होते. फ्रिज अन्न टिकवतो, मऊ ठेवत नाही.

ज्वारीत गव्हासारखे ग्लूटेन नसल्याने भाकरीला लवचीकपणा नसतो. ओल गेली की ती वाकत नाही, मोडते. मालदांडी या ज्वारीच्या वाणाची भाकरी त्यातल्या त्यात मऊ राहते, असा जुन्या बायकांचा अनुभव आहे. ऊन करण्याची रीत अशी : तवा मध्यम तापवून घ्यायचा. वाटीत बोटे बुडवून भाकरीच्या दोन्ही अंगांना पाण्याचा हात फिरवायचा. काठाला जरा जास्त, कारण आधी काठच वाळतो. भाकरी तव्यावर टाकली की चर्र आवाज येतो. त्याच क्षणी वर खोलगट ताटली पालथी घालायची. अर्ध्या मिनिटात ताटलीला आतून घाम सुटतो. भाकरी उलटवायची, पुन्हा तेवढाच वेळ झाकायची आणि काढायची. झाकण न घालता भाजत बसले तर पाणी उडून जाते आणि हातात खापर येते. (शेजारच्या सोलापूरची कडक भाकरी मुद्दाम वाळवलेली असते, तिचा विषय वेगळा.)

फारच ताठरलेल्या भाकरीला मऊ करण्याच्या नादी न लागता तिचे कुटके करतात. भाकरी हाताने बारीक कुस्करून तिच्यावर पाण्याचा हबका मारून दहा मिनिटे झाकून ठेवायची. ही दहा मिनिटे घाईत गाळली की कुटके घशात अडकतात. मग तेलात मोहरी, जिरे, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कांदा, शेंगदाणे आणि हळद यांची फोडणी करून त्यात कुस्करा परतायचा आणि झाकून दणदणीत वाफ आणायची. पोळीचेही असेच करतात. न्याहारीला हे ताज्या पोह्यांपेक्षा सरस लागते, असे म्हणणारे घरोघरी सापडतील आणि प्रस्तुत लेखक त्यांच्यातलाच. उन्हाळ्यात तर विस्तवाचीही गरज पडत नाही : ताकात कुस्करलेली शिळी भाकरी, वर मीठ आणि सोबत कांदा.

भात ऊन करताना ढेकळे हाताने मोकळी करून थोडे पाणी शिंपडावे आणि भांडे कुकरात ठेवून शिट्टी न लावता वाफ द्यावी. थेट आचेवर ठेवला तर खाली करपतो आणि वर गार राहतो. मात्र भाताच्या बाबतीत चवीआधी जपायची गोष्ट दुसरी आहे. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजण्यातूनही वाचतात, भात कोमट राहिला की वाढतात, आणि त्यांचे एक विष उकळूनही जात नाही. म्हणजे दुपारभर ओट्यावर राहिलेला भात रात्री कितीही कढत केला तरी निर्धोक होईलच असे नाही. शिजलेले अन्न बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नये, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकाच तासात फ्रिजमध्ये घालावे, हा सर्वसाधारण नियम आहे. नांदेड-परभणीचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशी ओलांडतो, तेव्हा इकडे वर्षाचे कितीतरी महिने तो एक तासच धरावा लागतो. ऊन करताना अन्न आतपर्यंत 74 अंशांना पोचावे असे सांगतात. स्वयंपाकघरात तापमापक कोण ठेवतो? मधोमध बुडबुडे येऊन भरपूर वाफ निघाली की तेवढे तापले असे धरतात. लागेल तेवढेच काढून ऊन करावे. उरलेल्याला पुन्हा पुन्हा आच दाखवू नये. आंबूस वास आला किंवा वरणाला तार सुटली, तर ते टाकून द्यावे.

पिठले निवले की खरवसासारखे थिजते. त्यात गार पाणी ओतून ढवळले तर गाठी राहतात. कडेने आधणाचे पाणी सोडून झाकावे, वाफेने सैल पडू द्यावे आणि मगच पळी घालावी. येळवणीची आमटी, म्हणजे पुरणाच्या कटाची, दुसऱ्या दिवशी जास्त मुरते; तिला मंद आच पुरते. पुरणपोळीला पाणी न लावता तूप सोडतात. कढीचे मात्र अवघड. ‘शिळ्या कढीला ऊत आणणे’ हा वाक्प्रचार जुने प्रकरण उकरून काढण्यासाठी वापरतात, पण स्वयंपाकघरातही तो खरा आहे : जोराने उकळले की ताकातले प्रथिन गोळा होऊन कढी फुटते. बेसनामुळे थोडा आधार मिळतो, तरी बारीक आच आणि सतत ढवळणे यांना पर्याय नाही.

मटणाला रात्रभरात एक खवट वास धरतो. चरबीचा हवेशी संयोग होतो आणि मांसातले लोह त्याला हातभार लावते. फोडी रश्श्यात बुडालेल्या असल्या तर हे कमी होते. लवंगेसारखे मसालेही त्याला अटकाव करतात. छत्रपती संभाजीनगरच्या नान खलियातला खलिया, म्हणजे मटणाचा मसालेदार रस्सा, यामुळेच दुसऱ्या दिवशीही जमतो. नान मात्र चामड्यासारखा चिवट होतो. त्याला ओला हात लावून झाकल्या तव्यावरच ठेवावे. मायक्रोवेव्हमध्ये तो मऊ होतो खरा, पण गप्पा मारत खाल्ला तर शेवटचा तुकडा तुटत नाही.

चुलीच्या घरात या कामाला वैल, म्हणजे चुलीला जोडलेली बाजूची छोटी चूल, असे. मुख्य जाळाची उरलेली धग तिच्यावर येते, आणि भाजी न करपता सावकाश ऊन राहते. गॅसवर ती सोय भांड्याखाली तवा ठेवून साधतात.

लातूर-धाराशिवकडच्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, रानात नेलेली भज्जी घरी परत येतेच, कारण ती मोजून कोणी करत नाही. बेसन लावलेली, तुरीच्या आणि वाटाण्याच्या दाण्यांनी भरलेली ही चिंचेची भाजी दुसऱ्या दिवशी घट्ट गोळा झालेली असते. कढत पाणी घालून, तळ खरवडत, ती पुन्हा सैल करतात, आणि बाजरीच्या उंड्याबरोबर (पिठाच्या उकडलेल्या गोळ्याबरोबर) ती आदल्या दिवशीपेक्षा चांगली लागते. त्याच दिवशीची ज्वारीच्या पिठाची आणि ताकाची आंबील मात्र कोणी ऊन करत नाही. ती मडक्यातून गारच पितात.